टेकडीवरचं अंथरूण

तिसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरणारी बाई दारात आली, तिनं पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मी अंथरूण आवरून ठेवलं होतं. चादर चारही बाजूंनी ताणून गादीखाली खोचलेली, चार उश्या दोनावर दोन रचलेल्या, पायथ्याशी पांघरुणाची चौकोनी घडी. घरी पाहुणे यायच्या दिवशी घालते तशी. मला वाटलं, बाई खूश होईल. ती म्हणाली, "मॅडम, माझं काम." इंग्रजी दोघींचंही कामापुरतंच. मग तिनं मी खोचलेली चादर एका हिसक्यात उपसली, अभ्रे काढले, सगळं जमिनीवर टाकलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तोच पलंग पहिल्यापासून घातला. मी हातात कंगवा घेऊन भिंतीला टेकून उभी. तिनं चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडला तेव्हा कळलं, माझे कोपरे अगदीच घरगुती होते. जाताना ती हसली, पण ते हसू गिऱ्हाइकासाठी राखलेलं. परत येऊन सहा महिने झाले. फ्लोरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रं डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हा प्रसंग मात्र रोज सकाळी चादर झटकताना हमखास वर येतो.

आम्ही फिएझोलेला होतो. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या उशाशी असलेली टेकडी. खालून 7 नंबरची बस वळणं घेत वर येते आणि वीस-पंचवीस मिनिटांत हवा बदलते, कान हलके होतात. लेक तिथं उतारावरच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करते. तिच्या घरात तीन मुली, एक न्हाणीघर आणि उघडताना किंचाळणारा घडीचा पलंग. म्हणून तिनं आमच्यासाठी पाच रात्री एका जुन्या व्हिलात खोली घेतली. भाड्याचा आकडा मला कळू नये म्हणून पावती स्वतःच्याच मेलवर मागवली. "आई, तू इथं फक्त बसायचं. काही करायचं नाही," असं तिनं मला दारातच बजावलं. मी हो म्हणाले. छत्तीस वर्षं बँकेत आणि त्याआधी-नंतर रोज स्वयंपाकघरात उभी असलेल्या बाईनं दिलेला तो शब्द होता, तो किती टिकणार हे लेकीलाही ठाऊक असावं.

घर मात्र खरंच बसावं असं. दगडी कमानीतून आत गेलं की उन्हातून एकदम रांजणाजवळ आल्यासारखं गार वाटायचं. पायाखाली विटकरी रंगाच्या मातीच्या फरश्या, मध्यभागी पावलांनी झिजून बशीसारख्या खोल झालेल्या. त्यांना मेणाचा वास. दाराच्या चौकटी निळसर करड्या दगडाच्या. हा दगड शेजारच्याच माँते चेचेरी टेकडीतून निघायचा, आणि त्याचं नाव पिएत्रा सेरेना, म्हणजे शब्दशः शांत दगड. फ्लोरेन्समधल्या कितीतरी चर्चचे खांब याच दगडाचे. (त्याच टेकडीवरून लिओनार्दो दा विंचीनं माणूस उडवायचा प्रयोग केला, असं सांगतात. उडणाऱ्याचं पुढं काय झालं याबद्दल मात्र सांगणारे घाईत विषय बदलतात.) खिडक्यांना हिरव्या पट्ट्यांच्या झडपा. दुपारी त्या ओढून घेतल्या की फरशीवर वहीतल्यासारख्या उन्हाच्या रेघा पडायच्या. बाहेर गच्ची, गच्चीच्या कठड्यावर मातीच्या मोठाल्या कुंड्यांतून लिंबाची झाडं. थंडीत ही झाडं कुंडीसकट उचलून आत नेतात आणि त्यांच्यासाठी वेगळी खोली असते. लिंबाला स्वतःची खोली! आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात मला ती सासूबाईंनंतर मिळाली.

आणि कठड्यापलीकडे खाली सगळं शहर. ऑलिव्हच्या राखाडी झाडांच्या उतरंडी, मधे सुरूची काळी बोटं, आणि तळाशी धुरकट उन्हात त्या प्रसिद्ध कॅथेड्रलचा घुमट, संक्रांतीचं सुगड पालथं घालावं तसा. इतक्या उंचावरून ना स्कूटरचा आवाज येतो, ना रांगा दिसतात. संध्याकाळी पाकोळ्यांचे थवे गच्चीवरून असे चिरकत जायचे की मान आपोआप खाली जायची. दिवेलागणीनंतर ऑलिव्हच्या झाडांखाली काजवे. ते बघून हे म्हणाले, "राधानगरीला जास्त असतात." असतात, खरं आहे. पण नवऱ्यांना ते त्याच क्षणी का सांगायचं असतं, हे मला पस्तीस वर्षांत उमगलेलं नाही.

नाश्त्याला पाव आळणी. फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे त्या तोस्कानातला पाव बिनमिठाचाच असतो. शेजारच्या टेबलावरची मंडळी त्यावर तेल घालून डोळे मिटून खायची. आम्ही दोन दिवस शिष्टाचार पाळला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी खिशातून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली, इकडंतिकडं बघून पावावर तेल आणि चटणी पसरली आणि पहिल्यांदा त्या पावाला काही अर्थ आला. मालकीणबाईंनी लांबून पाहिलं. सत्तरीच्या पुढच्या, पाठ ताठ, चष्मा दोरीत अडकवलेला. त्या आल्या, वाकून वास घेतला, बोटाच्या टोकावर कणभर चटणी घेतली आणि खोकत खोकत म्हणाल्या, पावात मीठ का घालत नाहीत ते तुम्हाला आत्ता कळलं बघा.

त्याच बाईंनी मला मेदिचींची गोष्ट सांगितली. आमच्यापासून पायी दहा मिनिटांवर, उताराच्या पोटात, एके काळी फ्लोरेन्सवर सत्ता चालवणाऱ्या मेदिची घराण्याची एक व्हिला आहे. 1450च्या दशकात घराण्याचा कर्ता कोझिमो याच्या मुलासाठी, जोव्हान्नीसाठी बांधलेली. तोपर्यंत व्हिला म्हणजे शेतावरचं घर: धान्याचं कोठार, द्राक्षांचा घाणा, गुरं, हिशोब. ही मात्र उभ्या उतारावर, शेतीला निरुपयोगी जागी, नुसतं बघत बसायला बांधली. कोझिमोला ते पटलं नसावं. तो म्हणायचा म्हणे, आपलं काफाज्जोलोचं घर बरं, तिथून जे जे दिसतं ते सगळं आपलं असतं, फिएझोलेवरून दिसतं त्यातलं काही आपलं नाही. मालकीणबाई हसल्या. मीही हसले, पण मनातून मी म्हाताऱ्याच्या बाजूची होते. आपलं नसलेलं नुसतं बघत बसणं मला जमत नव्हतं.

मला तिथली शांतता चावत होती.

हे कबूल करायला लाज वाटते, कारण आयुष्यभर मागितलं ते हेच. दोन कुकर, एक मिक्सर, वरच्या मजल्यावरच्या पोरांचा चेंडू, दारात भाजीवाल्याची हाळी, आणि या सगळ्याच्या मधोमध उभी राहून मी कितीदा म्हटलं असेल, देवा, कुठंतरी डोंगरावर नेऊन ठेव, जिथं कुणी हाक मारणार नाही. नेऊन ठेवलं. तर पहाटे साडेपाचला डोळे टक्क उघडे, आणि हाताला काम नाही. खोलीत चहाची किटलीसुद्धा नाही. मग मी झडपेच्या पट्ट्यांतून बघत बसायचे, आणि तिथं मला त्या घराची दुसरी पाळी दिसली. पहाटे एक म्हातारा माळी अनवाणी येऊन एकेका कुंडीत नळी धरायचा, पाणी फरशीवर सांडलं तर पोतेऱ्यानं टिपून घ्यायचा. धोब्याची गाडी इंजिन बंद करून शेवटचा उतार घरंगळत यायची, कुणाची झोप मोडू नये म्हणून. पावाच्या टोपल्या मागच्या दारानं आत. आणि सहाच्या बसनं ती बाई यायची, चढावर थांबून दम खायची, पायरीवर बसून रस्त्याच्या चपला पिशवीत टाकून पांढरे बूट चढवायची. साडेसातपर्यंत यातलं काही उरायचं नाही. पाहुणे डोळे चोळत गच्चीवर यायचे आणि म्हणायचे, काय शांत आहे इथं! कुणीतरी पहाटे येऊन ती शांतता लावून ठेवलेली असायची, सडा घातल्यासारखी.

मग मी अंथरूण आवरलं त्यात माझं काय चुकलं? चौथ्या दिवशी तीच बाई कॉरिडॉरमध्ये भेटली तेव्हा मी धीर करून विचारलं. ती श्रीलंकेची, निगंबोजवळची. आई आणि दोन मुलं तिकडं. मुलांच्या शाळेची वेळ तिच्या घड्याळात वेगळी लावलेली. तिनं शांतपणे समजावलं, पहिलीतल्या पोराला समजवावं तसं. तिसऱ्या दिवशी चादर बदलायचीच असते. तुम्ही खोचून ठेवली की मला ती आधी उसवावी लागते, म्हणजे एकाच्या जागी दोन कामं. न बदलता तशीच ठेवली तर वरचे म्हणणार, हिनं हातच लावला नाही. अकरा खोल्या, दुपारी एकपर्यंत. मी ओशाळून म्हटलं, मग मी काय करू म्हणजे तुम्हाला बरं पडेल? तिनं जरा विचार केला. बहुधा हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा, किंवा फार जणींनी विचारून तिला त्याचा कंटाळा आला असावा, चेहऱ्यावरून काही कळेना. ती म्हणाली, वापरलेले टॉवेल टबात टाका. वाकावं लागत नाही. बस्स.

माझ्या चांगुलपणाचा असा टॉवेलात हिशोब लागला. खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी आवरलंच नव्हतं. परक्या बाईनं आपली चुरगळलेली चादर बघावी, त्यावरचा केस, उशीवरचा तेलाचा डाग बघावा, हे मला सोसत नव्हतं. अंथरूण ही आमच्याकडे घरातल्यांनीच बघायची गोष्ट. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. माणूस पलंगावर असताना चादर बदलायची एक रीत असते: त्यांना कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, तिच्याच मागोमाग नवी उलगडायची, मग दुसऱ्या कुशीवर. मला ते इतकं हातचं झालं होतं की त्या झोपेतून जाग्या व्हायच्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. ह्यांनी भावांना फोन करायला घेतले, आणि मी, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यांना खाली घेतल्याबरोबर ती चादर काढली. मधला खळगा अजून कोमट होता. लोक यायच्या आत पलंग नीट हवा, एवढंच डोक्यात. रडू मला दुपारी आलं, चादर दोरीवर घालताना.

हे सगळं त्या दिवशी आठवलं ते उगाच नाही. त्याला एक ओढा कारण झाला.

लेकीची संस्था ज्या जुन्या मठात आहे, बादिया फिएझोलानात, त्याच्या खाली एक ओढा वाहतो. जूनमध्ये घोटाभर पाणी, गोटे, कडेला वेत. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठंही पाणी दिसलं की पहिला प्रश्न, "हे मिळतं कुठं?" लेक म्हणाली, मुन्योने आहे, आर्नो नदीला मिळत असेल. त्यांनी फोनवर नकाशा उघडला, बोट सरकवत सरकवत शहर ओलांडलं आणि एकदम थांबले. "अगं, हा तर महाराजांच्या संगमावर जातो."

कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. मी तीन वर्षं राजाराम कॉलेजात काढली आहेत, ज्यांचं नाव कॉलेजला आहे ते कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीत वारले, एवढं शिपायालाही पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. 30 नोव्हेंबर 1870, वय वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. तिथं प्रेत जाळायला परवानगी नसे, ती खास मिळवावी लागली. दोन पाण्यांचा संगम शोधून रात्रीतून चिता रचली, तीच ही मुन्योने आणि आर्नो. महाराजांनी प्रवासात लिहिलेली रोजनिशी दोन वर्षांनी इंग्रजीत छापून आली. ती अर्थातच मधेच थांबते. हे मला सगळं माहीत होतं. माहीत असूनही कधी मनात आलं नव्हतं ते त्या ओढ्याच्या काठी आलं: महाराज हॉटेलात वारले. राजवाड्यात नाही, छावणीत नाही, हॉटेलच्या भाड्याच्या खोलीत. सोबतची माणसं धावपळीत असणार, परवानग्या, लाकडं, तूप, मंत्र म्हणणारं कोण. त्यांना बाहेर काढल्यावर त्या खोलीत कोणीतरी गेली असेल. कुठल्याशा डोंगराळ गावातून शहरात कामाला आलेली, विशीतलीच. तिनं खिडकी उघडली असेल, चादर काढली असेल, आणि त्या पलंगावर वीस वर्षांचा परदेशी मुलगा होता की राजा, हे तिला कितपत माहीत असेल कुणास ठाऊक. तिच्याविषयी कुणी कुठं लिहून ठेवण्याचं कारण नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही खाली गेलो. कास्चिने ही नदीकाठची बाग लांबच लांब आहे, ट्राम एका टोकाला सोडते आणि महाराज दुसऱ्या टोकाला. तासभर चालावं लागलं. चार दिवस टेकडीवरून सुगडासारखं दिसणारं शहर इथं घामट आणि गजबजलेलं होतं: पळणारी माणसं, चाकांचे बूट घातलेली पोरं, पिंजारलेल्या झाडांखाली पत्ते खेळणारे म्हातारे, तळणाचा वास. मला एकदम बरं वाटलं. टोकाला झाडी संपते तिथं कुंपणाच्या आत ती छत्री, आणि छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. फेटा, गळ्यात हार, डोळे नदीकडे. अर्धपुतळा एका इंग्रज शिल्पकाराचा, फुलरचा, 1874चा. छत्री आखली मेजर मँटनं, ज्यानं पुढं आमचा नवा राजवाडा आखला. म्हणून की काय, ते कमानीचं वळण बघून लहानपणी सहलीला गेल्यासारखं वाटलं. मागं मोठा लोखंडी दोरांचा पूल, 1978चा. त्याचं नावही पोंते आल्लिंदियानो, भारतीयाचा पूल. गावात रोज वाहतूक तुंबते ती इंदियानोवर. महाराजांचं नाव कुणाच्या ओठात नाही, इंदियानो मात्र सगळ्यांच्या.

ह्यांनी कुंपणापाशी चपला काढल्या. तापलेल्या खडीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभे राहिले, पण पुन्हा घातल्या नाहीत. मी हात जोडले. आणलं काहीच नव्हतं, एक फूलसुद्धा नाही. एक गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते, आम्हाला बघून थांबले. पुतळ्याकडे बोट केलं, मग आमच्याकडे, आणि भुवया उंचावून म्हणाले, "इंदियानो?" हे म्हणाले, "कोल्हापूर." गृहस्थांनी समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "सी, सी, इंदियानो." कुत्र्यानं खांबाचा वास घेतला. संगमापाशी मुन्योनेचं पाणी आर्नोत शिरताना वेगळं दिसतंही नाही. थोडा वेळ एक फिकट पट्टा, मग तोही नाही. हे उगाच वाकून बघत राहिले. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीच्या संगमावर पण असंच बघत राहतात.

रात्री उशिराच्या बसनं वर आलो. कमानीतला दिवा चालू ठेवला होता. खोलीत गार, मेणाचा वास, पलंगाचा एक कोपरा आपल्यासाठी उलगडून ठेवलेला. त्या रात्री मी चादरीत शिरताना जरा जपून शिरले. खिडकीतून खाली शहराचे दिवे, आणि त्यांच्या पलीकडे, जिथं दिवे विरळ होत जातात, तिथं कुठंतरी ते. घर इतकं शांत की ह्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. पहिल्यांदा ती शांतता चावली नाही, की मीच दमले होते, कोण जाणे.

सकाळी सहालाच निघायचं होतं. बॅगा बाहेर गेल्या, हे पायऱ्यांवरून हाका मारू लागले, "अगं, बस चुकेल!" मी न्हाणीघरात गेले, चारही टॉवेल गोळा करून टबात टाकले. पलंगाला हात लावला नाही. चादर एका बाजूनं सुटून लोंबत होती, दोन उश्यांवर दोन डोक्यांचे खळगे, माझ्या उशीवर तेलाचा गोल डाग. दार ओढलं. पुन्हा उघडून पाहिलं. खाली चढावर ती दम खायला थांबलेली दिसली, हातात बुटांची पिशवी.